तीन ट्यूबा आणि अक्काच्या हिरड्या

आमच्या चाळीत उजाडायचं ते खाकरण्याने. मुलुंडच्या त्या दुमजली चाळीत आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर, अगदी जिन्याला लागून होत्या. त्यामुळे खालच्या नळावर कोण तोंड धुतंय ते मला डोळे न उघडता कळायचं. कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर तीनदा मोठ्याने खाकरायचे आणि एकदम गप्प व्हायचे, आणि आता चौथ्यांदा खाकरतायत की नाही याची वाट बघत मी अंथरुणात पडून राहायची. मागच्या तबेल्यातल्या म्हशी नेमक्या त्याच वेळी ओरडायच्या. खालची गोदामावशी मिश्री लावून उंबऱ्यात बसलेली असायची. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. ती बोटाने दातांना चोळत बसायचं आणि तोंड भरलेलं असल्यामुळे तासभर साऱ्या जगाशी ‘उं’ आणि ‘अंहं’ एवढ्या दोनच शब्दांत बोलायचं. एरवी मावशी इतकी बोलायची की तिचे यजमान दिवसातल्या त्या एका तासावर खूश असत. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे आमच्या दादांचा आवाज. दादा म्हणजे माझे वडील. ते दातांना मंजन चोळता चोळता, तोंडात बोट तसंच ठेवून स्तोत्रं म्हणायचे. देवाला त्यातलं काय कळत असेल कोण जाणे, आम्हाला एक अक्षर कळत नसे.

दादा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते, पण चाळीत त्यांची खरी ओळख मंजनवाले अशीच होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे मंजनाचा घाट घातला जाई. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून बदामाची टरफलं पिशवी भरून आणायची, मडक्यात घालून जाळायची, तो कोळसा खलबत्त्यात कुटायचा, त्यात तुरटी, सैंधव, लवंग, कापूर आणि हिरड्याची पूड घालायची आणि मग आजोबांच्या जुन्या धोतरातून ते सगळं गाळायचं. कुटायचं काम माझ्याकडे आणि माझ्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे असे. दुपारपर्यंत दादा, अक्का, मी आणि स्वयंपाकघराची एक भिंत काळी झालेली असे, आणि आई त्या दिवशी आम्हाला जेवायला गॅलरीत बसवी. तयार मंजन पावडरच्या रिकाम्या डब्यांत भरून चाळभर वाटलं जाई. कोणी “दात सळसळतोय हो” म्हणालं की दादा पहिलं विचारत, “मंजन कुणाचं लावताय?”

परवा माझ्या नातसुनेने बाथरूममध्ये नवी ट्यूब आणून ठेवली. मी उघडून बघते तर आतून काळीकुट्ट पेस्ट. “आजी, चारकोल आहे, लावून बघा, एकदम झकास वाटतं,” म्हणाली. मी तिला “बरं” म्हटलं. पण दादांच्या फोटोपुढून जाताना मला इतकं हसू आलं की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

तर त्या उन्हाळ्यात माझी दाढ दुखायला लागली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दादांनी मंजन चोळलं, आईने लवंग दाबून ठेवली, गोदामावशीने “गालार बिब्बो घालूया” म्हणून सुचवलं. दुसऱ्या दिवशी माझा उजवा गाल इतका सुजला की मास्तरांनी मला ओळखलंच नाही. मुलुंडात तेव्हा दातांचा डॉक्टर आमच्या तरी माहितीत नव्हता. घाटकोपरला एक नवीन डॉक्टर बसायला लागलाय असं दादांना कोणीतरी सांगितलं, आणि त्यांनी, मंजनाचा हा अपमान कसाबसा गिळत, मला अक्काबरोबर तिकडे धाडलं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, शिवणाच्या क्लासला जाणारी. दिसायला चारचौघींसारखीच, पण तिचं हसणं हा आमच्या घरातला एक आजार होता. एकदा सुटली की थांबायचीच नाही. खाली वाकायची, भिंतीला डोकं टेकायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि समोरच्यालाही घेऊन बुडायची. आई म्हणायची, “हिला बघायला येतील तेव्हा देवा, हिच्या समोर कोणाला शिंकू देऊ नकोस रे.”

घाटकोपरचा तो दवाखाना म्हणजे एका दुकानाच्या माळ्यावरची खोली होती. डॉक्टर अगदी तरुण, किडकिडीत, कान मात्र भरपूर मोठे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आरसा आत घातला आणि मग दुखरी दाढ नक्की कोणती म्हणून बोटाने चाचपायला गेले. ती त्यांना सापडली आणि मी त्यांच्या बोटाला कचकन चावले. डॉक्टर “आई गं!” करून दोन पावलं मागे उडाले ते पाणी भरलेल्या बादलीत. अक्काने पहिल्यांदा पदराचा बोळा तोंडात कोंबून पाहिला. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती बाकावरून घसरून जमिनीवरच बसली. डॉक्टर एका बुटातून पाणी ओतत तिच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांनाही फुटलं. मला दाढ दुखत असून हसू येत होतं, आणि हसलं की आणखी दुखत होतं.

दाढ काढून झाल्यावर त्यांनी माझ्या तोंडात कापसाचा मोठा बोळा दाबला आणि अर्धा तास अजिबात बोलायचं नाही असं बजावलं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण माझं तोंड बंद असल्यामुळे घडलं. डॉक्टर हात पुसत अक्काला म्हणाले, “हिच्या आणखी दोन दातांना कीड आहे. घरी कशाने घासता दात?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पेस्टने.”

माझे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले.

“अरे वा,” डॉक्टर म्हणाले. “कुठली पेस्ट?”

“ती… सगळ्यात चांगली असते ना, ती.”

“सगळ्यात चांगली कुठली ते मलाही अजून कळलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “मला सांगा हं एकदा.” त्यांचे कान लाल झाले होते. अक्काचेही.

जिना उतरल्याबरोबर तिने माझा दंड धरला. “ए शके, घरी काय बोललीस तर बघ. माझ्या तोंडून गेलं गं. त्यांच्यापुढे मला मंजनाची राखुंडी म्हणायला लाज वाटली.” मी बोलणार कशी, तोंडात कापूस होता.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या काकांचं पत्र आलं. मुलाने आपली मुलगी पाहिलेली आहे, पत्रिका पाठवावी, जुळल्यास मुलगा आणि त्याची आई रीतसर बघायला येतील. पत्रिका गेली, जुळली, रविवार ठरला. मधे तीन आठवडे होते. याआधी अक्काला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडून नकार आला तेव्हा तिने उरलेले पोहे चवीने खाल्ले होते. या वेळी मात्र दादांनी पत्र वाचून दाखवलं आणि अक्का उठून आत गेली आणि रिकाम्या पातेल्यात डाव ढवळत उभी राहिली. तेवढ्यावरून आईला सगळं कळलं.

संध्याकाळी अक्काने मला गॅलरीत गाठलं. हातात आरसा. “शके, नीट बघ आणि खरं सांग,” म्हणाली आणि ओठ वर केले. वर्षानुवर्षं मंजन चोळून हिरड्यांच्या कडेला केसाएवढी काळी रेघ बसली होती. आम्हा सगळ्यांनाच होती. कोणी कधी पाहिली नव्हती इतकंच. “बघितलंस? माझी वाट लागली. दातांचा डॉक्टर आहे गं तो. तो दुसरं काय बघणार? मला खोटारडी म्हणेल आणि जाईल.” आणि मग, अक्काला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हसण्यासारखंच होतं तेही, खांदे हलणारं, फक्त आवाज नव्हता. मी अकरा वर्षांची असले तरी मला तेव्हा आतून फार वाईट वाटलं. हे लग्न ठरायलाच हवं असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं, जणू माझ्याच हातात होतं ते.

रात्रीच्या जेवणाला अक्काने खोटं बोलल्याचं कबूल केलं. आईने कपाळावर हात मारला. दादांचा घास हातात राहिला. “पेस्ट?” ते म्हणाले. “पेस्ट म्हणालीस? माझं मंजन घरात असताना?” मग भातावर ताकही न घेता ते पानावरून उठले. दोन दिवस घरात मंजन हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा कचेरीतून आले ते पिशवीत तीन पेस्टच्या ट्यूबा आणि तीन ब्रश घेऊन. तिन्ही वेगवेगळ्या. एका खोक्यावर गुलाबी फुलं, दुसरं हिरवं, तिसरं पांढरं आणि त्यावर एक हसणारी मडम.

“पोरीच्या तोंडून सगळ्यात चांगली असं निघालंय ना,” दादा पिशवी ठेवत म्हणाले, “मग सगळ्यात चांगली कुठली ते शोधायला नको? आपल्याला खोट्याचं खरं करायचंय.”

मला माझ्या वडिलांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात चाचणी सुरू झाली. दादा कचेरीत ज्या गांभीर्याने फायली लावत त्याच गांभीर्याने त्यांनी वाटणी केली. अक्काला गुलाबी, आईला हिरवी, मला मडमची, आणि दादा स्वतः मंजनावर, कारण तुलना करायला काहीतरी जुनं हवं. आईचं ब्रशशीच पहिलं भांडण झालं. ब्रशाला डुकराचे केस असतात असं तिने ऐकलं होतं. दादांनी हे नायलॉन आहे म्हणून शपथेवर सांगितलं, तरी तिने ब्रश आधी तुळशीपुढे ठेवला आणि मगच तोंडात घातला. आणि हिरवी पेस्ट जिभेला लागताच ती “अगं बाई, भाजलं, भाजलं” करत जिना उतरून खालच्या नळापर्यंत पळत गेली. पेस्ट किती घ्यायची ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दादांनी पहिल्या दिवशी माझ्या ब्रशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि वर आणखी एक थर अशी पेस्ट काढून दिली होती. माझ्या तोंडातून इतका फेस आला की गोदामावशी मिश्रीचा नेम मोडून ओरडली, “वहिनी गो, चेडवाक काय झाला बघा, फेफरा इला!” पोरीला फीट आली असंच तिला वाटलं.

खरं सांगायचं तर मी मडमची पेस्ट खायची. गोड होती, आणि गिळली की पोटात गार गार वाटायचं. चार दिवसांत ट्यूब अर्धी झाली तेव्हा दादा म्हणाले, “ही पेस्ट लवकर संपते, हा एक दोष आहे.” आईची गोष्ट वेगळी. तिच्या एकादशीला पेस्ट चालते का हा प्रश्न उभा राहिला. दोन मजल्यांच्या बायकांनी त्यावर नळापाशी बराच खल केला आणि शेवटी असं ठरलं की लावायला चालेल, पण गोड लागली तर उपास मोडला. आईने हिरवी लावली आणि आम्हाला समाधानाने सांगितलं, “अजिबात गोड नाही हो, कडूजहर आहे.”

मग खऱ्या परीक्षा झाल्या. येऊरच्या डोंगरावरून तेव्हा डोक्यावर जांभळांच्या पाट्या घेऊन बाया उतरायच्या. दादांनी एक पाटी वरच बोलावली. आम्ही चौघांनी जीभ जाड होईस्तोवर जांभळं खाल्ली, मग आपापल्या पेस्टने आणि मंजनाने दात घासले आणि गॅलरीत रांगेत उभे राहून ‘ई’ केलं. दादा बॅटरी घेऊन एकेकाच्या तोंडात बघत फिरले, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात मी बघितलं. सगळ्यांचे दात सारखेच स्वच्छ निघाले होते आणि सगळ्यांच्या जिभा सारख्याच जांभळ्या. दुसऱ्या दिवशी कच्च्या कांद्याची परीक्षा. कांदा खायचा, दात घासायचे आणि परीक्षक म्हणून गोदामावशीच्या नाकापुढे ‘हा’ करायचं. मावशीने चौघांचे ‘हा’ डोळे मिटून हुंगले, बराच विचार केला आणि म्हणाली, “माका तर चौघांच्याय तोंडाक तंबाखूचो वास येता.” तो तिचा स्वतःचाच होता हे तिला कोण सांगणार. अक्का त्या दिवशी कठड्याला धरून इतकी हसली की तिचं रडणं मी विसरून गेले.

आठवड्याने दादांनी निकाल सांगितला. तिन्ही पेस्टी सारख्याच. गुलाबीचा वास बरा, हिरवी झोंबते म्हणून काम करते असं वाटतं, मडमची संपते. “आणि मंजन?” आईने मुद्दाम विचारलं. दादांनी मंजनाचा डबा हातात घेतला. “मंजनाने दात स्वच्छ निघतात,” ते म्हणाले, “पण रेघ राहते.” हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी फक्त, म्हणजे मडमची ट्यूब माझीच राहणार, एवढंच ऐकलं.

निकाल सारखा लागला हेच आमचं दुर्दैव झालं. अक्काला एकच काहीतरी निवडायचं होतं, आणि निवडता येईना. रविवार आठ दिवसांवर आलेला, आणि रेघ होती तिथेच. मग तिने कोणाला न सांगता तिन्ही लावायला सुरुवात केली. सकाळी गुलाबी, दुपारी हिरवी, संध्याकाळी माझ्या ट्यूबेतली चोरून. आणि घासायची कशी, तर आम्हा बायकांना घासणं एकच ठाऊक होतं. पितळेचं तपेलं चिंच लावून अंगातल्या सगळ्या जोराने घासतात तसं. तो ब्रशही राठ. मी दोनदा तिला मोरीत बघितलं. दात ओठ खाऊन म्हणतात तशी ती खांद्यातून जोर लावत होती. गुरुवारी गुळण्या लाल यायला लागल्या. “घाण निघतेय,” ती मला खुशीत म्हणाली. शनिवारी सकाळी तिच्या हिरड्या फुगल्या, आणि रविवारी वरचा ओठ असा वर आला की ती तोंड मिटून बसली तरी रुसल्यासारखी दिसत होती. काळी रेघ मात्र गेली होती, कारण आता सगळंच लालभडक होतं.

“आता काय करायचं गं?” आई रडवेली होऊन म्हणाली.

“काही नाही,” दादा म्हणाले. “तोंड मिटून बसायचं. जे काय विचारतील त्याला मान हलवायची. मुलगी शांत आहे असं वाटेल.”

अक्का आणि शांत. पण दुसरा उपाय नव्हता.

डॉक्टर पांढऱ्या शर्टात आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची आई, माई. माई ठेंगण्या, जाडजूड, करारी चेहऱ्याच्या. बोलताना पदर ओठांपुढे धरायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्या फार खानदानी वाटत. त्यांना पाहून आई थेट स्वयंपाकघरात पळाली. अक्का हिरव्या इरकली लुगड्यात येऊन मान खाली घालून बसली. “शिवण येतं?” मान हलली. “पुढे शिकायचं नाही का मनात?” मान हलली, पण होय की नाही ते कळलं नाही. डॉक्टर वाकून वाकून तिचा चेहरा दिसतोय का बघत होते. ज्या हसण्यासाठी तो माणूस घाटकोपरहून आला होता त्याचा पत्ताच नव्हता, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत चालला. त्यांना वाटत असणार की हिला मी पसंत नाही. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात पोहे आले. आईने घाबरून त्यात लिंबू नेहमीच्या दुप्पट पिळलं होतं आणि मिरच्याही सढळ हाताने टाकल्या होत्या. माई म्हणाल्या, “आम्ही एकटेच नाही खाणार. हिलाही द्या.” अक्काने एक घास तोंडात घातला. लिंबाचा रस हिरड्यांना लागला मात्र, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. माईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जरा कोरड्या आवाजात म्हणाल्या, “मी जरा हात धुऊन येते.”

मला तांब्या घेऊन त्यांच्या मागे पाठवलं. मोरी आत, स्वयंपाकघराच्या टोकाला. तिथे गोदामावशी भांडी आवरायला म्हणून येऊन बसली होती, आणि बाहेरचं काम संपेपर्यंत वेळ जावा म्हणून तिने नुकतीच मिश्री लावली होती. माई मोरीच्या दारात थबकल्या. त्यांनी नाकाने एक मोठा श्वास घेतला. मग मागे वळून बाहेरच्या खोलीचा कानोसा घेतला आणि वाकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, चिमूटभर मिळेल का हो?”

मावशीने तोंड रिकामं केलं. “असा मगे! सकाळीच भाजलंय, एकदम ताजी.” आणि कमरेची डबी काढून पुढे केली.

“मुलगा डॉक्टर झाल्यापासून घरात नुसता छळ आहे बघा,” माई बोटाने भराभर मिश्री चोळत म्हणाल्या, “सकाळपासून लावली नाही, डोकं फुटायची वेळ आली होती.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पदर बाजूला झालेला, आणि आत सगळे दात काळे कुळकुळीत. “बाळ,” त्या म्हणाल्या, “बोलायचं नाही हं कुणाला.” ज्या बाईला घाबरून माझ्या आईने लिंबू दुप्पट पिळलं ती बाई माझ्यापुढे हात जोडून उभी होती.

मी बाहेर आले, दादांच्या मागे जाऊन बसले आणि परकराचा बोंगा तोंडात कोंबला. पण खुदखुद बाहेर येतच होती. दादांनी डोळे वटारले. त्यामुळे आणखी आली. माई चूळ भरून, पदर ओठांपुढे धरून पूर्वीसारख्याच करारी होऊन परत आल्या. मला त्यांच्याकडे बघण्याची सोय नव्हती.

आता निघायचंच असं दिसत होतं. तेव्हा डॉक्टरांनी एकदा शेवटचा प्रयत्न करावा तसं, अगदी पडलेल्या आवाजात विचारलं, “तुम्ही मला एक सांगणार होतात. सगळ्यात चांगली पेस्ट कुठली?”

दादांनी अक्काला खूण केली, मान हलव. अक्काने मान हलवली नाही. तिने मान वर केली आणि तोंड उघडलं. सुजलेल्या ओठांतून शब्द बोबडे येत होते, पण एकेक कळत होता. “आमच्याकडे पेस्ट नव्हती. मी खोटं बोलले. दादा मंजन करतात, तेच लावतो आम्ही सगळे. पेस्टी तुमचं पत्र आल्यावर आणल्या. तीन आणल्या, आणि मी तिन्ही लावल्या. म्हणून असं झालंय.” आणि तिने ओठ वर करून हिरड्या दाखवल्या.

मास्तरांच्या खाकरण्याचा आवाज तेवढा खालून आला. आणि मग माईंचे खांदे हलायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं त्या रागावल्यात. पण त्या हसत होत्या. पोट धरून, पाट हलवत हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी ओठांपुढचा पदर काढून मांडीवर टाकला. “अरुण,” त्या म्हणाल्या, “पोरगी एवढं खरं बोलतेय, तर मग माझंही बघून घे एकदा,” आणि त्यांनी मुलापुढे आ केला.

डॉक्टर पुढे वाकून बघत राहिले. “माई! तू तर मिश्री सोडली होतीस!”

“तुझ्यासमोर सोडली होती.”

“आणि आता इथे? बघायला आलेल्या घरात?”

“मग काय करू? वास किती छान येत होता,” माई म्हणाल्या. आतून गोदामावशीने ओरडून सांगितलं, “माझीच असा ती!”

यावर पहिला फुटला तो माझा परकराचा बोंगा. मग आई, मग दादा. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाले, “माझ्या घरातच असं, तर मी लोकांचे दात काय बघणार?” आणि तेही सुटले. दादांनी त्याही गोंधळात संधी साधून विचारलं, “पण डॉक्टर, खरोखर सगळ्यात चांगली कुठली हो?”

“कुठलीही घ्या,” डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. “वाटाण्याएवढी पुरते. ब्रश मऊ असू द्या, हात हलका ठेवा, आणि जेवून झोपायच्या आधीही घासा. पेस्टपेक्षा हात महत्त्वाचा.” ऐंशीच्या पुढे गेले आज मी आणि तोंडात सव्वीस दात माझे स्वतःचे आहेत. त्यासाठी मी दुसरं काहीही केलेलं नाही. दुकानात आता पेस्टींचं अख्खं कपाट असतं, आणि पोरं त्यापुढे उभी राहून डब्यांच्या पाठी वाचत असतात. मी त्यांना सांगते, हात हलका ठेव रे बाबा. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी बरळतेय.

हसणं जरा ओसरल्यावर माई पाटावरून सरकत अक्काजवळ गेल्या. तिची हनुवटी धरून त्यांनी तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “अगं बाई गं! काय हे, किती सोलून घेतल्यास पोरी. आणि एवढं कुणासाठी गं?”

त्या काळी बघायला आलेल्या मुलाकडे मुलीने मान वर करून बघायचं नसे. आमच्या चाळीत तरी कोणी बघितलं नव्हतं. अक्काची हनुवटी माईंच्या हातात होती, त्यामुळे तिला मान वळवता येईना. तिने नुसते डोळे वळवले आणि सगळ्यांच्या देखत सरळ डॉक्टरांकडे बघितलं. मग, एवढं दुखत असूनही, ती हसली.

माईंनी तिची हनुवटी सोडली, पदर सावरला आणि आईकडे वळून म्हणाल्या, “विहीणबाई, मुहूर्त जरा पुढचाच काढू या हं. या हिरड्यांना महिना तरी लागेल.”